आबांचा हात आणि नातवाची गिटार

इलेक्ट्रिक गिटार हे वाद्य आपल्यापैकी बहुतेकांनी लांबूनच पाहिलेले असते. कुणी सिनेमात, कुणी लग्नाच्या ऑर्केस्ट्रात. ते खोलून, घासून, नव्याने रंगवून पुन्हा वाजते करायचे काम आमच्यासारख्या कारकुनाच्या अंगावर पडेल असे आम्हाला कधी वाटले नव्हते. परंतु ते पडले, आणि सहा महिने पुरले. त्याची ही हकीकत.

२०२४ च्या मे महिन्यात आमच्या थोरल्या चिरंजीवाने सुट्टीत काम करून साठवलेल्या साडेचार हजार रुपयांत एक सेकंडहँड गिटार घरी आणली. काळा रंग, जागोजागी टवके उडालेले, पाठीवर कुणाचे तरी स्टिकर आणि त्यांचा चिकट मळ. वाजत मात्र बरी होती. आमच्या वस्तीतील गायन पार्टीत ढोलकी, बेंजो, कीबोर्ड आहे; गिटार नव्हती. २६ नोव्हेंबरच्या संविधान दिनाच्या कार्यक्रमात त्याने वाजवावे असे पोरांचे ठरले. पण असली कळकट गिटार घेऊन तो स्टेजवर जायला तयार नव्हता. त्याला ती निळी करून हवी होती. निळीच का, हे या अंकाच्या वाचकांना सांगायला नको.

एका दुकानात विचारले, तर रंगवण्याची मजुरी गिटारीच्या किमतीहून जास्त. तेव्हा चिरंजीव म्हणाले, "आपण घरीच करू." आम्ही साफ नाही म्हटले. अभ्यास, जागा, खर्च, सगळी कारणे दिली. त्यावर त्याने आम्हाला इंग्लंडमधील ब्रायन मे यांचा दाखला दिला. क्वीन या जगप्रसिद्ध बँडचे हे वादक. १९६३ साली ते शाळकरी वयाचे असताना बापलेकांनी मिळून घरीच एक इलेक्ट्रिक गिटार बनवायला घेतली. दांडीला शेकोटीच्या जुन्या चौकटीचे लाकूड, स्प्रिंगा मोटरसायकलच्या. काम दोनेक वर्षे चालले, आणि तीच गिटार त्यांनी पुढे आयुष्यभर वाजवली. "त्यांनी आख्खी बनवली, आपल्याला नुसती रंगवायचीये," असे म्हटल्यावर आम्ही निरुत्तर झालो.

प्रथम गिटार खोलली. या वाद्याचे धड पोकळ नसते, भरीव लाकडाचे असते. दांडी मागच्या बाजूने चार स्क्रूंनी बसवलेली असते, ती सहज निघते. समोरच्या प्लॅस्टिकच्या पाटीवर पिकअप, बटणे आणि वायरी एकत्र जोडलेल्या असतात. पिकअप म्हणजे तारांखाली बसवलेली लोहचुंबके आणि त्यांच्याभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे सात-आठ हजार वेढे. वर पोलादी तार थरथरली की वेढ्यांत वीज उमटते आणि तीच स्पीकरकडे जाते. मायकेल फॅरेडे यांनी १८३१ साली दाखवून दिलेले तत्त्व ते हेच. फॅरेडे लोहाराचा मुलगा, आणि लहानपणी बुकबाइंडरकडे उमेदवारी केलेला.

ते वेढे घालणाऱ्या एका कामगार बाईंचेही नाव प्रसिद्ध आहे, तेही येथे नोंदवतो. अमेरिकेतील फेंडर कंपनीत अबिगेल इबारा या मेक्सिकन वंशाच्या बाई १९५६ साली कामाला लागल्या आणि २०१३ साली निवृत्त झाल्या. त्यांच्या हातचे पिकअप वादक शोधून शोधून घेतात. कामगाराचे नाव वस्तूला चिकटून राहिले, असे फार क्वचित घडते.

येथे आमची पहिली चूक. पूल, म्हणजे तारा ज्यावर टेकतात तो लोखंडी भाग, काढताना एक काळी वायर आडवी आली. आम्ही ती सरळ कापली. फोटो काढला नाही, कुठे टाचली होती ते लिहून ठेवले नाही. कचेरीत साध्या अर्जावर आवक क्रमांक घालणारे आम्ही! त्या वायरीने पुढे आमचा सूड घेतला. असे काम करणाऱ्याने प्रत्येक वायरीचा फोटो आधी काढावा आणि स्क्रू निरनिराळ्या पुड्यांत नावे लिहून ठेवावेत.

मग घासकाम. चिरंजीवाने मोबाइलवर कुणाला तरी गिटार पार लाकडापर्यंत सोलताना पाहिले होते. त्याप्रमाणे ८० नंबरचा पॉलिश पेपर घेऊन आम्ही दोन रविवार गॅलरीत घाम गाळला. अलीकडच्या स्वस्त गिटारींवर पॉलिएस्टरचा जाड थर असतो. तो काचेसारखा कडक, थिनरलाही दाद देत नाही. तो कसाबसा अर्ध्या भागावरून निघाला आणि खाली दिसले ते तुकडे-तुकडे चिकटवलेले, पुट्टीने बुजवलेले लाकूड. त्याचे नैसर्गिक सौंदर्य दाखवायची सोयच नव्हती. शिवाय एका कडेला आम्ही इतके घासले की तिथे खड्डा पडला.

आमचे वडील, ज्यांना घरात सगळे आबा म्हणतात, दारातल्या खाटेवरून हे सारे पाहत होते. दुसऱ्या रविवारी संध्याकाळी म्हणाले, "कुणी सांगितलं रं एवढं खरवडायला? गाडीवरचा जुना रंग घट्ट धरून असंल तर तो कुणी काढत नाही. तोच आपला पाया. त्याची नुसती चमक मारायची, ३२० नंबरच्या पेपरनं. खड्डं भरायचं, अस्तर मारायचं, की झालं."

आम्ही बापलेक एकमेकांकडे पाहतच राहिलो. घरात ३५ वर्षे गाड्या रंगवलेला माणूस बसलेला, आणि आम्ही मोबाइलला विचारत होतो.

आबांविषयी थोडे सांगणे भाग आहे. ते १९७२ पासून मोटारी दुरुस्त करणाऱ्या एका कारखान्यात स्प्रे पेंटर होते. तिथली संध्याकाळ आम्ही त्यांच्या वासावरून ओळखायचो: थिनर, घाम आणि रबिंगची माती. आम्ही सहावीत असताना, १९९० च्या सुमारास, ते एकदा कामावरून थेट शाळेत आले. नखांत लाल रंग, केसांवर रंगाचा धुरळा. वर्गातली मुले हसली. दुसऱ्या दिवशी कुणी विचारले, तर आम्ही सांगितले की घर रंगवायला माणूस लावलाय, तो आला होता. शाळेच्या फॉर्मवर वडिलांचा व्यवसाय म्हणून आम्ही नेहमी 'नोकरी' एवढेच लिहिले. आबांनाही तेच हवे होते. "ब्रशाला हात लावायचा नाय, पेन धर," हा त्यांचा हुकूम. आम्ही पेन धरले, बी.कॉम. झालो, कचेरीत लागलो. ती शाळेतली गोष्ट त्यांना आम्ही आजवर सांगितलेली नाही. हा अंक आमच्या घरी येतो आणि आबा तो शेवटच्या पानापर्यंत वाचतात. असो.

आता रंगाकडे वळू. चिरंजीवाने शोधून काढले की जुन्या नामांकित गिटारींवर नायट्रोसेल्युलोज लॅकर असे. त्याने ते नाव तीनदा उच्चारल्यावर आबा म्हणाले, "म्हंजी आपला ड्युको." आम्हाला वाटले, म्हातारा काहीतरी ठोकून देतोय. पण शब्दशः खरे निघाले. कापसावर नायट्रिक व सल्फ्युरिक आम्लांची क्रिया करून नायट्रोसेल्युलोज तयार होते. ते थिनरमध्ये विरघळवून केलेला मोटारीचा रंग अमेरिकेतील ड्यूपॉन्ट कंपनीने १९२३ साली 'ड्युको' या नावाने बाजारात आणला. त्यापूर्वी एक मोटार रंगवून वाळायला आठवडेच्या आठवडे लागत. ड्युकोने ते काम काही दिवसांवर आणले. तो प्रथम ओकलंड नावाच्या मोटारींना लागला आणि त्यांचा रंग निळा होता. आपल्याकडे सुतार आणि पॉलिशवाले कपाटाला गनने रंग मारतात त्याला आजही ड्युकोच म्हणतात.

आणि गिटारी? कॅलिफोर्नियात लिओ फेंडर नावाचे एक गृहस्थ होते. शिक्षण हिशेबाचे, म्हणजे आमच्याच पंथातले. मंदीच्या काळात हिशेबनिसाची नोकरी गेली, तेव्हा १९३८ साली त्यांनी रेडिओ दुरुस्तीचे दुकान थाटले. त्यांना स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. तरीही १९५४ साली त्यांनी स्ट्रॅटोकास्टर ही गिटार काढली, आणि आमच्या घरातल्या गिटारीसारख्या असंख्य स्वस्त गिटारी तिच्याच नकला आहेत. गिऱ्हाइकाला निराळा रंग हवा असला की त्यांच्या कारखान्यात मोटारीचाच रंग मारला जाई. त्यांचा 'लेक प्लॅसिड ब्ल्यू' नावाचा प्रसिद्ध निळा हा कॅडिलॅक गाडीचा. तात्पर्य, कॅलिफोर्नियात गिटारींवर मारला जाणारा रंग आणि आमच्या आबांनी जीप-टेम्पोवर मारलेला रंग यांची जात एकच. हे कळले त्या दिवशी आबा जेवताना दोनदा म्हणाले, "गिटारीलाबी ड्युको!"

पुढचे काम त्यांच्या देखरेखीखाली झाले. खड्डे पुट्टीने भरले. जुने पेंटर तिला लांबी म्हणतात. पट्टीने पातळ ओढायची, वाळली की घासायची, पुन्हा ओढायची. दांडी बसते त्या खाचेला मास्किंग टेप लावली, कारण तिथे रंगाचा थर चढला तर दांडी बसत नाही, आणि जबरदस्तीने बसवली तर रंग तडकतो. हात फिरवून पाहायचे ते डोळे मिटून, असे आबांनी शिकवले. डोळ्यांना न दिसणारा उंचवटा बोटांना लागतो.

येथवर सगळे ठीक झाले आणि चिरंजीवाला घाई सुटली. जुलैचा महिना, बाहेर धो-धो पाऊस. आबा नको म्हणत असताना त्याने स्प्रेचा डबा आणून पायऱ्यांच्या आडोशाला निळ्याचा एक हात मारला. दहा मिनिटांत त्या निळ्यावर दुधासारखी पांढरी साय आली. आबांच्या भाषेत 'पांढरी मारली'. कारण साधे आहे. थिनर झपाट्याने उडताना पृष्ठभाग थंड पडतो, आणि दमट हवेतले पाणी त्यावर दंवासारखे बसून रंगात अडकते. पोरगा रडकुंडीला आला. आबा म्हणाले, "गाडीवालं पावसाळ्यात सुदिक घाई करायचं. आम्ही शेटला सांगायचो, तू मार. अशोक विजयादशमी होऊ दे, मग बघू." घासून ती साय काढली आणि गिटारीचे धड चादरीत गुंडाळून कपाटावर ठेवले. अडीच महिने.

त्या अडीच महिन्यांत घरात एक वाद झाला. आबांना दम्यासारखा त्रास आहे. पंप घेतल्याशिवाय रात्र जात नाही. डॉक्टरांच्या मते रंगाच्या वाफा आणि घासकामाची धूळ यांचाच तो परिणाम. आयुष्यभर ते नाकाला हातरुमाल बांधून रंग मारत आले. रुमालाने वाफ अडत नाही. ड्युकोचे थिनर वाईटच. त्याहून वाईट म्हणजे हार्डनर मिसळून मारायचे दोन डब्यांचे पीयू रंग. त्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते, त्याने धडधाकट माणसालाही कायमचा दमा जडू शकतो. कारखान्यात हे कुणी सांगितले नाही, आणि मास्क मागणाऱ्याला नाजूक म्हणून हिणवले जाई. आता आबांनी ट्रंकेतून स्वतःची जुनी स्प्रे गन काढली. फडक्यात गुंडाळलेली, तेल लावलेली. निवृत्तीनंतर १६ वर्षे ती आमच्या खाटेखाली होती आणि आम्हाला ठाऊक नव्हते! "पयला हात मी मारणार," ते म्हणाले. आमच्या पत्नी कधी नव्हे त्या सासऱ्यांसमोर उभ्या राहिल्या. "आबा, तुम्ही वर गेलात तर ती गिटार मी खाली फेकून देईन." दोन दिवस आबा सुनेशी बोलले नाहीत.

अखेर तोड निघाली. १९ ऑक्टोबर, शनिवार, सकाळी दहाची वेळ. ऊन कडक, हवा कोरडी, वारा नाही. फर्निचर पॉलिश करणाऱ्या शेजाऱ्यांचा लहान कॉम्प्रेसर गच्चीवर चढवला. रंग आणि थिनर उल्हासनगरच्या बाजारातून आणले होते. धड तारेने टांगले. चिरंजीवाच्या तोंडावर कार्ट्रिजवाला मास्क, डोळ्यांना गॉगल. आणि आबा तीन मजले खाली, घरात खाटेवर, हातात मोबाइल. व्हिडिओ कॉल लावून आम्ही फोन धरून उभे. तोंडावर आमच्याही मास्क होताच.

"आधी हवेत मार. गन चालू करून मग लाकडावर ये, लाकडावर येऊन गन चालू करायची न्हाई. एक वीत अंतर. हात गोल फिरवू नगंस, सरळ ने. अर्धा पट्टा आधीच्या पट्ट्यावर चढू दे." मध्येच ओरडले, "आवाज बदलला! रंग जाड झालाय, थिनर घाल." चित्र अडखळत होते, तरी तीन मजल्यांवरून ते गनच्या आवाजावर काम करत होते. पहिला हात धुक्यासारखा पातळ, मग दहा-पंधरा मिनिटे थांबून दुसरा, तिसरा. ड्युकोचा प्रत्येक नवा हात आधीच्या हातात विरघळून एकजीव होतो, म्हणून चूक झाली तर दुरुस्त करता येते. पीयूमध्ये तसे होत नाही. दुसऱ्या दिवशी वरून बिनरंगाच्या लॅकरचे हात दिले.

येथे माताभगिनींना एक विनंती. हा रंग आणि थिनर पेट्रोलइतके पेट घेणारे आहेत, आणि त्यांची वाफ जड असल्याने जमिनीलगत पसरते. आपली घरे एक-दोन खोल्यांची. गॅस, देव्हारा, मीटर सगळे जवळजवळ. घरात, जिन्यात हे काम कुणालाही करू देऊ नये. जुलैमध्ये आमच्या चिरंजीवाने पायऱ्यांवर केले ते नशिबाने निभावले. रंगाची फडकीही घरात गोळा करून ठेवू नयेत. कुणाकडे गच्ची नसेल तर स्पिरिटमधली लाख फडक्याने चढवावी. वास कमी, गन नको, आणि वस्तू आपल्याच देशातली. वेगळे मास्क, पेपर, रंग, थिनर धरून आम्हाला सुमारे २,६०० रुपये खर्च आला. त्यातला सर्वात मोठा आकडा मास्कचा, आणि तो आम्ही आनंदाने लिहिला.

रंग हाताला कोरडा लागला तरी आतून चार आठवडे वाळत असतो. आबांची कसोटी अशी: नाक लावून बघा, थिनरचा वास येतो तोवर हात लावायचा नाही. सुमारे महिनाभराने वास गेला. मग १०००, १५००, २००० नंबरचे वॉटर पेपर साबणाच्या पाण्यात भिजवून घासले. स्क्रूच्या भोकांत पाणी जाऊ दिले नाही, कारण लाकूड फुगते. नंतर रबिंग कंपाउंड आणि जुन्या बनियनचा तुकडा. हे काम आबांनी आमच्या पत्नींच्या परवानगीने स्वतः केले. यात वाफ नाही, पाणी आहे. हात थरथरतो, पण पेपरवर टेकला की थरथरत नाही.

२० नोव्हेंबरला आमची निवडणुकीची ड्युटी होती, त्यामुळे जोडणी २३ तारखेवर गेली. सारी चाळ टीव्हीवर मतमोजणी पाहत असताना आम्ही सोल्डर करत बसलो होतो. तारा चढवल्या, अ‍ॅम्प्लिफायर लावला आणि गुंऽऽ असा भुंग्यासारखा आवाज. तारांना हात लावला की थोडा बदले, पण जात नसे. ती काळी वायर! ती पुलाला जोडलेली अर्थिंगची वायर असते. मागच्या स्प्रिंगा जिथे अडकवतात त्या पट्टीवर ती टाचायची होती, आणि आम्ही ती निराधार सोडून दिली होती. दोन तास शोधले, सापडली, टाचली. आवाज एकदम शांत झाला. नव्या रंगाने गिटारीचा नाद सुधारला का, असे पुष्कळांनी विचारले. आम्हाला तरी फरक कळला नाही. तिचा नाद मुख्यतः पिकअपचा आणि तारांचा.

२५ तारखेच्या रात्री आबांनी गिटार मागून घेतली. ट्यूबलाइटखाली ती तिरपी धरून, मोटारीचे बॉनेट पाहावे तशी, एका कडेने दुसऱ्या कडेपर्यंत नजर फिरवली. खालच्या शिंगापाशी थांबले, अंगठा फिरवला. "इथं ओघळ राहिलाय."

"काढू का आबा? उद्या संध्याकाळपर्यंत वेळ आहे."

"आता नगं. वाजवून ये आधी." मग आमच्याकडे वळून म्हणाले, "पोरांनी इचारलं कुणी रंगवली, तर काय सांगणार हाय ह्यो?"

आम्ही काही बोलण्याआधी चिरंजीव म्हणाले, "आबांनी. आणि ओघळ माझा."